बाजूच्या सीटवरून

१४ मे

आत्या,

आधी साष्टांग नमस्कार, मग रागावणं. अपघात होऊन चार दिवस झाले आणि मला ते काल बाबांकडून कळतं, तेही 'तुझं डोळे तपासायचं नवं मशीन कसं चाललंय' आणि 'ताईच्या हातून गाडी ठोकली गेली' अशा एका दमात. मी विचारलं, कोणत्या ताईच्या? बाबांना बहीण एकच आहे हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी विचारलं. डोकं चालेचना.

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. रविवारी बाबांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निरोपाचं जेवण होतं, तुम्ही दोघं गेला होतात, परत येताना बाबांची गाडी तू चालवत होतीस. बागेच्या लांब भिंतीपाशी एक सायकल मधे आली. बागेतलेच माळी होते, त्यांचा पाय मोडला. गाडी पुढे दिव्याच्या खांबाला लागली. तुला थोडं खरचटलंय. 'ताई गप्प आहे, तिला फोन करू नकोस,' म्हणाले. आता तुला फोन करून उपयोग तरी काय होता म्हणा. तुझा फोन बिस्किटांच्या निळ्या डब्यात, डबा डिकीत आणि डिकीला कुलूप.

आत्या, तो डबा आठवला आणि मला रडूच आलं. ते बडे साहेब तुझ्याकडे गाडी शिकायला आले होते आणि फोन डब्यात टाकायला तयार नव्हते, आठवतंय? महत्त्वाचे फोन येतात म्हणाले. तू शांतपणे गाडीतून उतरलीस, त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलंस आणि म्हणालीस, मग तुम्ही आधी ते महत्त्वाचं उरकून घ्या, गाडी कुठे पळून जात नाही. मी मागच्या सीटवर चौदा वर्षांची, हसू दाबून पोट दुखायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब आले ते दोन फोन घेऊन, आणि दोन्ही मुकाट्याने डब्यात ठेवले.

तू मला शिकवलंस तेव्हा पहिले तीन दिवस स्टीअरिंगला हातही लावू दिला नव्हतास. मागे बसायचं आणि दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "पांढरी गाडी, चाकं वळलेली, निघणार आहे. बाई, हातात पिशव्या, मला बघितलेलं नाही." घसा बसला होता माझा. तू म्हणायचीस, तोंड रस्त्याबद्दल बोलत असलं की मन दुसरीकडे जात नाही. मी आजही रस्ता ओलांडताना पुटपुटते. इथल्या लोकांना वाटतं पोरगी जरा चळलेली आहे.

आणि तू कधी ओरडली नाहीस. बाकीच्या ड्रायव्हिंग शाळांतले मास्तर एवढे खेकसतात की शिकणारा एक कान बंद करूनच गाडी चालवायला शिकतो. तू फक्त तुझ्या बाजूचा ब्रेक दाबायचीस. गाडी थांबायची. मग पाण्याची बाटली पुढे करून म्हणायचीस, पी, आणि आता सांग काय दिसलं नव्हतं. एकतीस वर्षं, आणि तुझ्या हाताखाली शिकलेल्या एकाचीही मोठी चूक ऐकिवात नाही. बाबाही तुझेच शिष्य. शाळेच्या गाडीत बावीस मुलं घेऊन जातात ते तुझ्याच भरवशावर.

असं झालं म्हणून तू लहान होत नाहीस, एवढंच मला सांगायचं होतं. माझ्यासाठी तू तीच आहेस. लागलं किती ते खरं खरं लिही.

तुझी खारुताई

*

१९ मे

खारुताई,

पत्र पोचलं. एवढं कौतुक माणूस गेल्यावर करतात. मी आहे अजून.

लागलं किती ते लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. डाव्या दंडात खिडकीची काच घुसली होती, डॉक्टरांनी चिमट्याने अकरा तुकडे काढले आणि प्रत्येक तुकडा मला दाखवला, जसं काही मी ते जपून ठेवणार होते. उजवा घोटा मुरगळलाय, चप्पल चढत नाही इतका सुजलाय. बाकी ठणठणीत. धाकट्याला, म्हणजे तुझ्या बाबांना, ओरखडाही नाही.

माळ्याला भेटायला रोज जाते. पन्नाशीचा माणूस आहे, नडगी दोन ठिकाणी मोडलीय. त्याची बायको स्टुलावर बसलेली असते, ती माझ्याशी बोलत नाही. मी फळं ठेवते, ती फळं खिडकीकडे सरकवते. तिचं काही चुकत नाही. माळी मात्र बोलतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "बाई, मी दिसलो नाही का तुम्हाला?" रागाने नाही विचारलं, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी त्याची उशी सरळ करत बसले. त्यानंतर रोज जाते तेव्हा वाटतं, आज पुन्हा विचारेल. विचारत नाही.

चौकशी होईपर्यंत शिकवण्याचा परवाना जमा करून घेतलाय. दारावरची पाटी मीच उतरवून ठेवली. नऊ जण शिकत होते, त्यातले पाच दुसरीकडे गेले. जायलाच पाहिजे, ज्या बाईने दिवसाढवळ्या माणसाला उडवलं तिच्याकडे कोण शिकेल? उरलेल्यांतली पावभट्टीवाली मात्र हटून बसली आहे. म्हणाली, मॅडम, मी तुमच्याकडेच शिकणार, सहा महिने थांबीन, नाही तरी बावन्न वर्षं थांबलेच आहे.

एक ऐक. बाबांना या विषयावर काही विचारत बसू नकोस. तो मनाला लावून घेतो. तुझी आई गेल्यापासून त्याला शाळेची ती गाडी आणि ती मुलं एवढंच आहे. सुट्टी संपली की गाडी सुरू होईल, मग येईल रुळावर.

जेवत जा वेळेवर. लोकांचे डोळे तपासता तपासता स्वतःच्या डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या. फोटोत दिसलं.

आत्या

*

२४ मे

आत्या,

चष्म्याच्या दुकानात माझा सगळा दिवस एकाच वाक्यात जातो: डावा झाका, उजव्याने वाचा, आता उजवा झाका. डावं-उजवं माझ्या अंगात इतकं भिनलंय की झोपेतसुद्धा चुकणार नाही.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग दुकानातल्या खुर्चीवर बसले, समोर हवेत स्टीअरिंग धरलं आणि डाव्या दंडाला हात लावून बघितला. शेजारचा चष्मे बसवणारा म्हणाला, काय चाललंय? मी म्हटलं, गाडी चालवतेय.

गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, आत्या. त्याचा डावा दंड गाडीच्या मध्यावर येतो. तिथे खिडकी नसते. खिडकीची काच डाव्या दंडात घुसायची तर माणूस डावीकडे बसलेला असायला हवा. एकतीस वर्षं तू डावीकडे बसतेस. खोटं लिहितानाही डावीकडेच बसलीस.

घोट्याचं मला आधी कळलं नाही, नंतर कळलं. तू ब्रेक दाबलास ना? तुझ्या बाजूला. बाबांच्या गाडीत, जिथे ब्रेकच नाही.

मी हे बाबांना विचारलेलं नाही. फोन केला होता, पण तू 'विचारू नकोस' लिहिलंस म्हणून हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. तुझ्याकडून ऐकण्याआधी मला माझंही एक सांगायला हवं, कारण तुलाच एकटीला खरं बोलायला लावणं बरं नाही. बाबांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असतात. आधी आई गेली त्या वर्षी फक्त रविवारी असायच्या. गेल्या वेळी मी आले तेव्हा मंगळवारी दुपारी बाबा मुलांना आणायला निघाले आणि दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. मी दारात उभी होते. मला तरीही दारूचा वास आला. मी काय केलं असेल? 'सांभाळून जा बाबा' म्हटलं आणि आत जाऊन भांडी घासत बसले. खूप जोरात घासली.

आता तू सांग.

खारुताई

*

२९ मे

खारुताई,

तुला मी एवढं बारकाईने बघायला शिकवलं ते माझ्याच अंगाशी आलं. राग नाही आला. चार वेळा पत्र वाचलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, पोरगी माझ्यापेक्षा चांगलं चालवते.

सांगते.

जेवणाच्या वेळी तो त्याच्या मित्रांबरोबर मागच्या व्हरांड्यात होता. दोन ग्लास झाले म्हणाला. मी मोजले नव्हते, पण त्याचे दोन म्हणजे किती हे मला कळतं. मी किल्ली मागितली. तो हसला आणि म्हणाला, ताई, तू बाजूला आहेस ना, मग काय होतंय. खारुताई, मला ते पटलं. सगळ्यात वाईट हेच आहे. मी बाजूला बसले की काही होत नाही, हे एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, इतकी वर्षं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. चार हजारांवर कच्च्या लोकांशेजारी बसले आणि जिवंत आहे. हा तर माझा धाकटा भाऊ, मीच शिकवलेला. मी पट्टा लावला आणि बसले.

बागेची भिंत सुरू झाली तेव्हा त्याचा फोन वाजला. मांडीवरच होता. तुझा फोटो आला होता, पांढरा कोट घालून नव्या मशीनजवळ उभी आहेस तो. तो इतका खूश झाला. एका हाताने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, बघ ताई, आपली खारुताई डॉक्टर दिसते की नाही. त्याचे डोळे तुझ्यावर होते. माझे रस्त्यावर होते.

मला माळी दिसला होता. सायकलच्या मागे कुदळ बांधलेली, फिकट निळा सदरा, कडेने हळू चाललेला. गाडी त्याच्याकडे सरकतेय हेही दिसलं. वेळ होता. 'अरे' एवढं म्हणाले असते तरी त्याने मान वर केली असती. पण मी ओरडत नाही ना. मी ब्रेक दाबते. मी दाबला, सगळं बळ लावून दाबला, आणि पायाखाली नुसतं रबराचं पायपुसणं होतं. मला ते कळेपर्यंत, मी दुसऱ्यांदा दाबेपर्यंत, संपलं होतं सगळं.

तू मला ज्याबद्दल एवढं नावाजलंस, कधी ओरडत नाही म्हणून, त्यानेच त्या माणसाचा पाय मोडला.

नंतरचं तू ओळखलं असशील. धाकट्याने मला काही सांगितलं नाही, मीच उतरले, गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी उभी राहिले. रस्ता रिकामा होता. लोक आले तेव्हा मी तिथे होते आणि तो पदपथावर डोकं धरून बसला होता. पोलिसांनी मला नळीत फुंकायला लावलं, काहीच निघालं नाही. त्याला कोणी विचारलं नाही. त्यानेही माझं बोलणं खोडून काढलं नाही. मला वाटलं, चूक माझीही आहेच, मग शिक्षा मला झाली तर काय बिघडलं? त्याचं लायसन्स गेलं तर शाळेची गाडी जाईल, आणि गाडी गेली तर तो उरणार नाही. वहिनीला मी शब्द दिला होता त्याच्याकडे बघीन म्हणून.

हे तुझ्याजवळच ठेव. माझी शपथ आहे.

आत्या

*

२ जून
(जलद टपालाने)

आत्या,

तुझी शपथ मी मोडणार आहे. आधी तुला सांगून मोडतेय, एवढाच काय तो मान.

दोन दिवस मी तो फोटो पाठवला म्हणून स्वतःला खात बसले. मग थांबले, कारण त्याचा कोणाला उपयोग नाही. तू मागच्या सीटवर बसवून शिकवायचीस तसं केलं. दिसेल ते मोठ्याने बोलले, इथे खोलीत, भिंतीशी. "आत्या, दंडाला पट्टी, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतलेली. बाबा, खिशात गोळ्या. शाळेची गाडी, सोमवारी आठ तारखेला सुरू होणार. मुलं, बावीस. त्यांनी बाबांना बघितलेलं आहे, रोज बघतात, काका काका करून गळ्यात पडतात. त्यांना काही माहीत नाही." 

तू शिक्षा स्वतःवर घेतलीस आणि किल्ली त्यांच्याकडेच ठेवलीस, आत्या. तुला हे दिसलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुला सगळं दिसतं. तू पुन्हा गप्प राहून ब्रेक दाबतेयस. आणि पुन्हा तिथे ब्रेक नाही.

बाबांवर माझा जीव आहे. मला पहिली सायकल शिकवताना ते मैलभर मागे धावले होते, धापा टाकत, आणि मी पडू नये म्हणून स्वतः दोनदा पडले. त्या माणसाला मी तुरुंगात बघू शकेन का, माहीत नाही. पण त्या बावीस जणांतल्या एकाच्या आईला मी भेटू शकणार नाही, हे नक्की माहीत आहे. म्हणून असं ठरवलंय: रविवारी संध्याकाळपर्यंत बाबांनी किंवा तू मला काही कळवलं नाही, तर सोमवारी सकाळी शाळेच्या ऑफिसला फोन मी करणार. नाव सांगून, नातं सांगून.

मला ते करावं लागू नये असं फार वाटतं. जगात मी कोणाकडून हिंमत शिकले असेन तर तुझ्याकडून. साहेबाला गाडीतून उतरवणारी बाई माझी आत्या आहे. आपल्या माणसाला उतरवणं जास्त अवघड असतं, मान्य. पायाखाली काही नसलं तरी तोंड आहे ना तुला? एकदा वापरून बघ.

तुझीच
खारुताई

*

१० जून

चि. बाळ,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या गाडीची नोंदवही सोडून मी काही लिहिलेलं नाही. पण ताई म्हणाली, हे तू लिहायचंस, मी नाही. समोर बसली आहे, घोटा स्टुलावर ठेवून.

रविवारी तुला आमच्याकडून काही कळलं नाही. ताईने पत्र मला दाखवलंच नव्हतं. दिवसभर हातात घेऊन बसली होती म्हणे. सोमवारी सकाळी पावणेसातला मी गाडी काढून कोपऱ्यावर लावली. तीन मुलं चढली होती, त्यांच्या आया खाली उभ्या होत्या. एवढ्यात ताई दिसली. लंगडत, एका पायात चप्पल, एका पायात माझीच जुनी सपाता. आली ती थेट गाडीच्या पुढे, बंपरला पोट लावून उभी राहिली.

म्हणाली, "चावी दे."

मी खाली उतरून हळूच म्हटलं, ताई, घरी बोलू, लोक बघतायत. तर ती ओरडली. बाळ, मी पन्नास वर्षं तिचा भाऊ आहे, तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. समोरच्या दुकानदाराने शटर अर्ध्यावर थांबवलं.

"तू आज प्यायला आहेस की नाही मला माहीत नाही. मला माहीत नाही, म्हणूनच दे."

तुला खरं सांगतो. त्या सकाळी मी घेतली नव्हती. पण सीटखाली होती. मुलांच्या डब्यांच्या पिशव्या ठेवतो तिथेच, मागच्या बाजूला. दुपारची सोय म्हणून. ताई जे बोलली त्यावर मला रागाने काहीतरी म्हणायचं होतं, मी तोंडही उघडलं, आणि मला ती बाटली आठवली.  त्या तीन आयांपैकी एकीने एक शब्द न बोलता तिन्ही मुलांना खाली उतरवलं. सगळ्यात धाकटा उतरताना मला म्हणाला, काका, आज सुट्टी का? त्याला मी हो म्हटलं.

चावी ताईच्या हातात ठेवली. तू शाळेत फोन केलास तेव्हा आम्ही चौकीच्या रस्त्यावर होतो, हे मला नंतर कळलं. पायीच गेलो. ताईने माझा दंड धरला होता, बघणाऱ्यांना वाटलं असेल मी तिला आधार देतोय. चौकीत मी सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. गाडी मी चालवत होतो, मी प्यायलो होतो, फोन माझ्या हातात होता, ताई माझ्यामुळे खोटं बोलली. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, दडपणाखाली तर बोलत नाही ना. मी म्हटलं, चार आठवडे दडपण होतं, आता नाही.

लायसन्स जमा झालं. केस उभी राहील. आज तिसरा दिवस आहे, घेतलेली नाही. हात थरथरतात, अक्षरावरून कळत असेल. ताईने दारू सोडवायच्या दवाखान्यात नाव घातलंय, गुरुवारी जायचंय.

तू फोन केलास म्हणून मी रागावलो नाही. हेही ताईने लिहायला लावलेलं नाही. तुझा फोटो मी पुन्हा बघितला, नीट, खुर्चीत बसून. चांगली दिसतेस.

बाबा

*

२६ जुलै

खारुताई,

तुझ्या बाबांची केस पुढच्या महिन्यात आहे. गुरुवार एकही चुकवलेला नाही, मधे एकदा घसरला, ते त्याने घरी येऊन स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी मी त्याच्याशी फार वाईट बोलले आणि नंतर चहा करून दिला. खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावरही कारवाई आहे. परवाना आणखी सहा महिने मिळणार नाही. बरोबर आहे. पावभट्टीवाली म्हणते, एकूण बावन्न वर्षं आणि आठ महिने झाले की मी शिकणार.

पण पाटी पुन्हा लावलीय. नवी. रागावू नकोस, बेकायदा काही नाही, वकिलांना विचारलंय. गाडी अंगणात उभी असते, इंजिन बंद, चाकांखाली विटा. उभ्या गाडीत शिकवायला परवाना लागत नाही. बाजूला बसणाऱ्यांचा वर्ग काढलाय मी. गाडी चालवणाऱ्यांच्या शाळा गल्लोगल्ली आहेत, शेजारी बसणाऱ्याला कोणी काही शिकवतच नाही. नवरा पिऊन गाडीत बसला, मुलगा फोनवर बोलत चालवतोय, साहेबाला नाही कसं म्हणायचं, तर शेजारच्याने काय करायचं? माझ्यासारखं गप्प बसून पाय रोवायचे? रविवारी सकाळी तासभर. एकच धडा आहे. चालवणाऱ्याला मोठ्याने सांगायचं, 'थांबव' किंवा 'चावी दे', आणि तो हसला, चिडला, लाडात आला तरी पुन्हा सांगायचं. नाहीच ऐकलं तर उतरायचं.

चालवणाऱ्याच्या जागी धाकटा बसतो. त्याने स्वतःहून मागितली ती जागा. म्हणाला, कसं टाळतात, कसं हसण्यावारी नेतात, ते माझ्याइतकं इथे कोणाला येतं? आणि खरंच, कामाला जबरदस्त आहे. पावभट्टीवाली एवढी बोलकी बाई, पण त्याने नुसतं म्हटलं, 'माझ्यावर एवढा पण विश्वास नाही का वहिनी?' आणि तिची वाचाच बसली. चौथ्या खेपेला जमलं तिला. जमलं तेव्हा अशी गरजली की शेजारच्यांचं मांजर भिंतीवरून पडलं.  तुझ्या बाबांना ते सोपं नाहीये, दर रविवारी स्वतःचंच सोंग करायचं. मला त्याचा अभिमान वाटतो, त्याला सांगितलेलं नाही, तू सांग.

गेल्या रविवारी माळी आला.

कुबड्या घेऊन, बायको बरोबर. मी बोलावलं नव्हतं. अंगणात आठ माणसं होती, सगळी बाजूला झाली. धाकटा स्टीअरिंगशी होता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं, उतरायला लागला. माळी म्हणाला, बसा. मग मला म्हणाला, "बाई, मला तुमच्या जागेवर बसायचंय. तिथून सायकलवाला दिसतो का बघायचंय."

आम्ही त्याला धरून बसवलं. पाय आत घ्यायलाच पाच मिनिटं लागली. बायकोने बरोबर आणलेली त्याचीच सायकल घेतली, आता दुरुस्त झालेली, आणि फाटकापासून भिंतीच्या कडेने हळूहळू ढकलत नेली. तो बघत राहिला. तिने दोनदा नेली.

"दिसतो की," तो म्हणाला. "चांगला लांबून दिसतो."

मी म्हटलं, हो. मला तुम्ही दिसला होतात. तुम्ही दवाखान्यात विचारलंत त्याचं उत्तर हे आहे. दिसला होतात आणि मी बोलले नाही.

 माफ केलं वगैरे तो म्हणाला नाही, आणि मी तशी वाटही बघत नव्हते. त्याने धाकट्याकडे मान वळवली आणि, फाटकातून इतरांना करताना बघितलं होतं तसंच, हात पुढे करून म्हणाला, चावी द्या. धाकट्याने टाळाटाळीचं एकही वाक्य काढलं नाही. चावी दिली आणि तो हात तसाच धरून ठेवला. माळ्याने सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने घेतला.

मग त्याची बायको, जी माझ्याशी आजवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "आता तुम्ही बसा."

खरंच की. सगळ्यांना बसवते, मी बसलेच नव्हते. बसले. धाकट्याने हवेत फोन धरल्यासारखा हात वर केला आणि म्हणाला, बघ ताई, आपली खारुताई.

माझा पाय आधी गेला गं. एकतीस वर्षांची सवय. माझ्या गाडीत तिथे ब्रेक आहे, खटकन वाजला, सगळ्यांनी ऐकलं. पण पायाच्या मागोमाग आवाजही आला. मोठा आला.

आत्या